गल्लीतल्या हॉटेलातलं साधं खाणं : तुमच्या जिवाला बरं वाटणारी प्लेट कुठली?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. खाण्यावरचे धागे इथे भरपूर आहेत पण ते बहुतेक 'एकदा तरी जाच' अशा जागांवरचे असतात. मला उलट विचारायचंय. जिथे तुम्ही मुद्दाम जात नाही, वाटेत आहे म्हणून जाता, दमून आलाय, तोंडाला चव नाही, घरी कुणी नाही आणि कुकर लावायचं त्राण नाही अशा वेळी पाय आपोआप वळतात असं घराजवळचं हॉटेल आणि तिथली ती एक ठरलेली प्लेट.

माझं सांगते. फोर्टातून डोंबिवलीला उतरेपर्यंत साडेआठ-नऊ होतात, गाडीत उभं राहून पायाचे तुकडे पडलेले असतात आणि स्टेशनपासून घराच्या वाटेवर एक उडुपी हॉटेल आहे, साधंच, सनमायकाची टेबलं, भिंतीवर देवाचा फोटो नि त्याखाली लाल बल्ब. तिथली दाल खिचडी. तिखट कमी, जरा पातळ. मी आतल्या खिडकीसमोरच्या टेबलावर बसते त्यामुळे ती होताना दिसते. डाळ आणि भात वेगवेगळे शिजवून ठेवलेले असतात, ऑर्डर आली की छोट्या कढईत तूप, जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, एखादी मिरची उभी चिरून, टोमॅटो, हळद, मग डाळीचे दोन डाव, ते उकळलं की भात आणि वरून गरम पाणी. मग तो आचारी डावाच्या पाठीने भात कढईच्या कडेला दाबत दाबत रगडतो, अगदी मनापासून, आणि तेच खरं काम आहे कारण नुसतं मिसळलं तर तो डाळभात होतो, खिचडी होत नाही. शेवटी परत थोडं तूप. सोबत पापड, लोणचं, वाटीभर दही. पहिले चार घास गेले की माणसात आल्यासारखं वाटतं, खरंच.

आता मूळ मुद्दा. ही साधी खाणी कार्डावरून जायला लागलीयेत. आमच्याच भागातलं एक जुनं हॉटेल नूतनीकरणानंतर उघडलं तर राईस प्लेट गेली, दहीभात गेला, उपमा फक्त सकाळी दहापर्यंत, आणि त्या जागी शेजवान डोसा, चीज पावभाजी, तीन पानं चायनीज. त्यांचं चूक नाही, जे खपतं तेच ठेवणार ना माणूस. म्हणून मला कळकळीने वाटतं की आपल्यासारख्यांनी ते मागायला हवं. 'दहीभात आहे का' असं रोज चार जणांनी विचारलं तर तो राहील. तुम्ही काय मागता, कुठे मागता, आणि मिळतं का, सगळं लिहा.

पाटावरची_चटणी

अगदी मनातला विषय! आम्ही गिरगावकर, त्यामुळे फणसवाडीतलं विनय हेल्थ होम हे घरचंच. लोक मिसळीसाठी येतात लांबून, मी मात्र तिकडे जास्त वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्लीये. दादरला काम असलं की गोखले रोडचं प्रकाश, साबुदाणा वडा आणि वर पियुष, चैत्रातल्या दुपारी तो गार पियुषचा ग्लास हातात आला की पुढचं काही सुचत नाही. तिथे कुणी तुमच्याशी गोड बोलणार नाही, तुम्ही अनोळखी माणसासमोर बसून खाणार, खाऊन झालं की उठणार, पण पदार्थ तोच. लहानपणी आजोबांबरोबर खाल्लेला वडा आणि आताचा वडा यात मला तरी फरक लागत नाही आणि मला तेच हवं असतं.

संत्रानगरी

एक आक्षेप नोंदवतो ताई. जिवाला बरं वाटणारं म्हणजे पचपचीत, पातळ, तिखट कमी असंच का? आम्ही नागपूरकर तर्री पोहे खाऊन बरे होतो. पोहे साधेच असतात, कांद्याचे, पण त्यावर काळ्या हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतली, वरून कच्चा कांदा नि लिंबू, की कपाळावर घाम आणि डोकं मोकळं. कस्तुरचंद पार्काजवळ थंडीत पहाटे पहाटे उभं राहून खाल्ले असतील तर कळेल. मी आता हिंजवडीत राहतो, इथे पोह्यावर शेव आणि खोबरं घालतात, छान लागतं, पण परीक्षेच्या आधल्या रात्री जागून सकाळी मित्रांबरोबर जे खाल्लेलं असतं ते दुसऱ्या कशात येत नाही. ज्याला जे सवयीचं ते त्याचं औषध.

मधली_सुट्टी

@संत्रानगरी, पटलं. सवयीचं हेच बरोबर. मी तापातून उठले होते तेव्हाची सवय लागली म्हणून मला मऊ आठवतं. तर्रीवाले पण या, सगळे या.

रस्सामंडळ

कोल्हापूर. सर्दी झाली की घराच्या कोपऱ्यावरची खानावळ आणि पांढरा रस्सा, वाटीवर वाटी. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस-काजूचं वाटण, आलं-लसूण, मिरं. वाटी तोंडाला लावून प्यायचा. तांबडा नंतर. बास.

परळचा_भोंगा

वडील आणि आजोबा दोघंही गिरणीत होते त्यामुळे मी जरा मागे जाऊन लिहितो, विषयाला धरूनच आहे.

मुंबईत गल्लीतलं साधं जेवण विकत मिळायची सोय गिरणगावात मोठ्या प्रमाणावर उभी केली ती बायकांनी. कोकण, सातारा, कोल्हापूरकडून पोरं गिरणीत यायची, बायकामुलं गावी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसं, चूल पेटवायला जागा कुठली. मग चाळीतलीच एखादी मावशी महिन्याच्या बोलीवर जेवण घालायची. तीच ती खानावळ. फलक नाही, टेबलखुर्ची नाही, खोलीतच जमिनीवर पाट. पहिल्या पाळीचे वेगळे, तिसऱ्या पाळीचे वेगळे, त्यामुळे त्या बाईची चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत विझायची नाही. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधारी किंवा व्याजाने पैसे, आणि त्या व्याजातच तिचं कंबरडं मोडायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, की त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं. प्रेमाताईंना पुढे पद्मश्रीही मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, मग जेवणारेच गावी गेले तर खानावळीचं काय झालं असेल विचार करा. कित्येक जणींनी त्यानंतर पोळीभाजीचे डबे करायला घेतले.

माझी आजी अशी खानावळ चालवायची. आई सांगते, कुणी आजारी पडला की आजी त्याच्यासाठी वेगळी पेज टाकायची आणि त्याचे पैसे धरायची नाही. ताई तुम्ही दाल खिचडी 'जरा पातळ' सांगता आणि आचारी करून देतो ना, मला त्याच्यात आजी दिसते.

मधली_सुट्टी

काका, वाचून अंगावर काटा आला. आजींबद्दल अजून लिहा ना, वेगळा धागा काढलात तरी चालेल.

सरळ_रेष

मला एक कळत नाही. वरणभात, दहीभात, खिचडी ही खाणी हॉटेलात जाऊन दीड-दोनशे रुपये देऊन का खायची? घरी कुकरच्या तीन शिट्ट्यांत होतात. बाहेर खायचं तर जे घरी जमत नाही ते खावं. मी मुद्दाम विरोध करत नाहीये, मनापासून विचारतोय.

आबा_मुलुंडकर

@सरळ_रेष, तुमचा प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. माझं वय पंचाहत्तरच्या पुढे, पत्नी गेली, मुलगा पुण्यात. स्वयंपाक मला येतो. पण एकट्यापुरता कुकर लावून बघा. अर्धी वाटी तांदूळ लावला तरी उरतो, तो रात्री, मग तोच सकाळी फोडणी देऊन. भाजी एक जुडी आणली तर तीन दिवस एकच भाजी. आणि सगळं करून पानावर बसलं की समोर कुणी नाही, टीव्ही लावून जेवायचं, निम्मं जेवून उठायचं. म्हणून मी दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो. बारा-सव्वाबाराला, गर्दीच्या आधी. अर्धी राईस प्लेट मिळते, दोन पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ, आमटी, भात, ताक. तिथला वाढणारा कुंदापूरकडचा आहे, त्याला माहीत आहे की मला साखर आहे, गोडाची वाटी तो आपणहून काढून त्या जागी काकडी ठेवतो. दोन दिवस गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी विचारतो, 'अंकल, गाव गया था क्या'. दीडशे रुपयांत मला जेवण आणि चौकशी दोन्ही मिळतं. घरी तीन शिट्ट्यांत फक्त भात होतो हो.

सरळ_रेष

आबा, समजलं. मनापासून आभार. माझे काका असेच एकटे राहतात, मी हा विचारच केला नव्हता. उद्या फोन करतो त्यांना.

बाबांची_लेक

नेहमी वाचनमात्र असते पण आज मदत हवीये म्हणून लिहितेय. मी बंगळूरला, बाबा कोथरूडला एकटे. परवा त्यांच्या तीन दाढा काढल्यात, आठवडाभर मऊच खायचंय. स्वयंपाकाच्या मावशी नेमक्या गावी गेल्यात. अ‍ॅपवरून मागवलं तर जे येतं ते सगळं मसालेदार, 'लेस स्पायसी' लिहून पण काही फरक नाही, आणि बाबांना ते ओटीपी वगैरे नको होतं. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणी मऊ भात, वरण, ताक असं देईल का? निदान चार-पाच दिवस.

पेठेतला_भाडेकरू

@बाबांची_लेक, काळजी करू नका, पुण्यात हे होऊ शकतं पण हॉटेलात नको, मेसमध्ये विचारा. कर्वेनगर भागात विद्यार्थ्यांच्या घरगुती मेस खूप आहेत, एखाद्या काकू स्वतः करत असतील तर त्या वेगळा भात नक्की लावून देतात.

मी शिक्षणाला पुण्यात आलो तेव्हापासून मेसवर जगलोय म्हणून खात्रीने सांगतो. सदाशिव पेठेत आमची मेस एका वाड्यात होती, जिन्याखाली चपला, आत दोन लांब टेबलं. महिन्याचे पैसे आधी, गावी जाणार असाल तर दोन दिवस आधी सांगायचं तरच खाडा धरणार, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे वजा करणार. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री बंद. त्या रविवारच्या रात्रीची एवढी धास्ती असायची, सगळी पोरं टिळक रोडवरच्या बादशाहीकडे नाहीतर कुठेतरी अंडाभुर्जी. काकू कडक होत्या, ताटात टाकलेलं त्यांना अजिबात चालायचं नाही. पण मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी महिनाभर बिनतेलाचं वेगळं केलं, कुणी सांगितलं नव्हतं. पगार सुरू झाल्यावर आईबाबांना लक्ष्मी रोडच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये जेवायला नेलं होतं, १९३५ पासूनची जागा, मूकपटांच्या जमान्यातल्या नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केलेली. जेवण उत्तमच, पण मी आईला वाड्यातली मेस पण दाखवायला नेलं आणि काकूंनी आईला ओळखदेख नसताना चहा करून बसवलं.

तुम्हाला दोन मेसचे पत्ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, आज रात्रीच.

पणजीची_सकाळ

गोव्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे हे सगळं सकाळी होतं. भाजी-पाव. पातळ भाजी, सुकी बटाट्याची भाजी, किंवा दोन्ही एका बशीत म्हणजे मिक्स, सोबत पाव नाहीतर पोई (आमचा कोंड्याचा पाव), वर एक मिरचीभजं आणि चहा. पणजीत चर्चच्या जवळ कॅफे ताटो आहे, १९१३ चं, तिथे सकाळी सचिवालयातला साहेब आणि रंगकाम करणारा कामगार एकाच टेबलावर बसतो. मार्गशीर्षातला गारवा असला आणि पातळ भाजीत पाव बुडवून खाल्ला की दिवस नीट सुरू होतो. माझा भाऊ मस्कतहून आला की विमानतळावरून थेट तिथे, बॅगा टॅक्सीतच, मग घरी आई रागावते की मी केलेलं कोण खाणार.

गल्ल्यावर_बसणारी

आमचं ठाण्यात छोटं शाकाहारी हॉटेल आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, मी दुपारी गल्ल्यावर असते. पलीकडची बाजू सांगते म्हणजे मागणाऱ्यांना सोपं जाईल.

साधं जेवण कार्डावरून का जातं? कारण त्याला हात जास्त लागतात आणि भाव वाढवता येत नाही. मसाला डोशाचे दहा रुपये वाढवले तर कुणी बोलत नाही, दहीभाताचे पाच वाढवले की गिऱ्हाईक म्हणतं 'नुसता भात तर आहे'. १९ किलोचा सिलेंडर, कामगारांचे पगार, त्यांची राहायची खोली, हे सगळं खिचडीलाही तेवढंच लागतं. राईस प्लेटमध्ये सात वाट्या असतात, सात वाट्या घासायच्या असतात, आणि जेवणारा पाऊण तास बसतो. चहा-इडलीवाला दहा मिनिटात उठतो. आमची राईस प्लेट चालते ती चहा-डोशावर, हे खरं सांगते. तरी आम्ही बंद केली नाही कारण सासरे म्हणतात की जेवायला येणारा माणूस आपला, बाकीचे वाटसरू.

मागायचं कसं ते सांगते. साडेबारा ते दोन या वेळात वेगळं काही मागू नका, आत चारही शेगड्या अडकलेल्या असतात आणि आचारी चिडतो. अकरा-साडेअकराला किंवा अडीचनंतर या, गल्ल्यावर सांगा, 'भात मऊ हवाय', आम्ही थोडा भात गरम पाण्यात परत शिजवून देतो. कमी तिखट हवं तर खिचडी, दहीभात, साधी डाळ यातलं मागा, ते ऑर्डरनंतर होतं, उसळ-भाजीतलं तिखट आम्ही काढून टाकू शकत नाही. आणि आवडलं तर ते आचाऱ्याला कळू दे. आमचा आचारी वीस पानं शेजवान काढून थकतो, पण कुणी आजीने 'खिचडी छान होती' असा निरोप दिला तर दिवसभर खुशीत असतो.

मधली_सुट्टी

@गल्ल्यावर_बसणारी, याच माहितीसाठी धागा काढला होता असं आता वाटतंय! वेळेचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. आणि निरोप उद्याच देणार.

नाईट_ड्यूटी

मी स्टाफ नर्स आहे, धोबी तलावच्या बाजूला होते तेव्हा रात्रपाळी सुटली की आम्ही तिघीचौघी कयानीत. १९०४ चा इराणी. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव नि लोणी, आणि चहा. ब्रूनचा कडक तुकडा चहात बुडवला की मस्क्याचे थेंब वर तरंगतात, ते बघत बसायचं, बोलायचं काही नाही. रात्री वॉर्डात कुणी गेलेलं असेल तर तसंच घरी जाऊन झोप लागत नाही, मध्ये ती अर्धा तासाची जागा लागते. मुख्य म्हणजे चौघींत मिळून दोन ब्रून मागवले तरी कुणी उठा म्हणालं नाही.

एडिसनची_वहिनी

इकडे न्यू जर्सीत गल्लीतलं हॉटेल म्हणजे डायनर, आणि या राज्यात ते गल्लोगल्ली आहेत. सुरुवात १८७२ ची, प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायचा, तिथून पुढे रेल्वेच्या डब्यासारखी तयार हॉटेलं कारखान्यात बांधून ट्रकवरून नेऊन ठेवायला लागले, त्यातले मोठे कारखाने आमच्या जर्सीतच होते. बरेचसे डायनर ग्रीक कुटुंबांचे. परळच्या काकांनी तिसऱ्या पाळीच्या चुलीचं लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं, दोन्हीकडे रात्री काम करणाऱ्यांसाठीच सुरू झालं.

मी लग्न होऊन आले तो पहिला हिवाळा, बर्फ, ओळखीचं कुणी नाही, नवरा ऑफिसला. चालत जाता येईल असा एक डायनर होता. ग्रिल्ड चीज सँडविच आणि टोमॅटो सूप, शेवटी राईस पुडिंग, थंडगार, वर दालचिनीची पूड. आपली तांदळाची खीरच की ती, वेलचीऐवजी दालचिनी. कॉफीचा कप रिकामा झाला की वाढणारी बाई न विचारता भरून जायची आणि 'हनी' म्हणायची. मला सासरी-माहेरी कुणी हाक मारत नव्हतं त्या दिवसांत, तिने मारली. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना, डिस्को फ्राइज (चीज नि ग्रेव्ही घातलेले बटाट्याचे फ्राइज) मागवू नका, त्यावरचा ग्रेव्हीचा रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो.

संत्रानगरी

@एडिसनची_वहिनी, खूप छान लिहिलंत. खीर वाचून भूक लागली.

बाबांची_लेक

अपडेट देते. पेठेतला_भाडेकरू यांनी दिलेल्या दुसऱ्या पत्त्यावर फोन केला, काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला की बाबांना मुगाचं वरण चालतं की तुरीचं. आज दुपारी डबा गेला. मऊ भात, मुगाचं वरण, भोपळ्याची भाजी अगदी मोडून, ताक. बाबांनी फोन करून सांगितलं की भोपळा आवडत नाही पण संपवला. पैसे चार दिवसांचे घेतले, त्यात जास्त काहीच लावलं नाही. आबा मुलुंडकर, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली, ते म्हणाले दात बरे झाले की मी पण बघतो कुठे अर्धी राईस प्लेट मिळते ते. कोथरूडमध्ये अर्धी प्लेट देणारं कुणाला माहितीये का?

पेठेतला_भाडेकरू

अर्धी प्लेट पुण्यात सहसा लिहिलेली नसते, गल्ल्यावर विचारलं तर देतात. कर्वे रोडला मी दोन ठिकाणी विचारून उद्या इथेच लिहितो. आणि काकूंकडचा डबा शनिवारी नको असेल तर गुरुवारीच कळवा, नाहीतर खाडा मिळणार नाही.